आंदणात गेलेल्या सीड्या

सीडी, कॉपी अन् कायदा, हे तीन शब्द एका जागी आले की तुमच्या डोक्यात काय येते ते मले माहीत आहे. पोलिसाची गाडी येते. दुकानाचं शटर अर्धं खाली, हवालदार पोत्यात सीड्या भरून राहिला, अन् माह्यासारखा एखादा पोट्टा कान धरून उभा. तसं असतं तं मी मजेत सांगतलं असतं. हवालदाराचा आवाज मले येते, पोत्याचाबी येते. पण आमच्या आंधळगावात तसं काही झालं नाही. कोणाले पकडलं नाही, कोणी काही विकलं नाही. झालं इतकंच, की एका माणसानं कायदा पाळला. पुरा पाळला. अन् त्याले तो कायदा मी सांगतला होता, दुसऱ्याच्या आवाजात. याच्यात बोलणे खाल्ले ते मी, पण ते शेवटी.

मी नकला करतो. लग्नात, गणपतीत, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, जिथं माइक भेटते तिथं. तुमसरच्या बसचा कंडक्टर, आमच्या शाळेचे हेडसर, भिजलेले तांदूळ वाटताना रडणारा मिक्सर. शाळेत मले एक कविता पाठ झाली नाही, पण ज्या सरायनं त्याच्यासाठी मारलं त्या सरायचा खोकला अजून तोंडपाठ आहे.

आमच्या घराले लागून मामाचं घर. मामा रक्ताचे नव्हते, अख्खी गल्लीच त्यायले मामा म्हणे. ते कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत. समोरच्या खोलीत त्यायचा माग, अन् मागाच्या बाजूले ताईचा चरखा. ताई म्हणजे त्यायची एकुलती एक पोरगी, माह्याहून सहा वर्षानं मोठी. मामी ताई लहान असतानाच गेली. तवापासून त्या घरात दोन माणसं, एक माग अन् एक सीडी प्लेअर. त्याचा स्पीकर एवढा मोठा, की नवीन पाहुण्याले वाटे, धान्याची कोठी आहे.

मामा साड्या पोचवाले नागपूरले गेले की येताना एक सीडी घेऊन येत. एकच. तिचं बिल तिच्याच खोक्यात, अन् खोक्यावर बॉलपेननं नंबर. असं करत करत एकतीस झाल्या. भजनं, जुन्या सिनेमाचे गाणे, दोन कव्वालीच्या, एक निव्वळ बासरीची. आता तुम्ही म्हणाल, शौक असते एकेकाले. शौक नव्हता. त्यायचं काम होतं ते. दुसरे विणकर काठातलं फूल ठोके मोजून विणतात, कागदावर रेघा मारून ठेवतात. मामा सीडी लावत. तिसऱ्या सीडीचं पहिलं गाणं सुरू झालं की फुलाचं देठ सुरू, गाणं संपलं की पाकळ्या पुऱ्या. ताई सुताच्या कांड्या भरता भरता तेच गाणं गुणगुणे, अन् चरखाबी त्याच गाण्याच्या चालीनं फिरे. माही माय म्हणे, "त्यायच्या साडीले कान लावून पाहा, आतून वाजत असन."

पण कोशाच्या तंतूची बारीक कूस उडते, ते प्लेअरात जाते. मागाच्या दणक्यानं टेबल हालते. एक दिवस सातव्या सीडीवर चरा पडला. दुसऱ्या गाण्याच्या मधात ती अडके. एकच शब्द पाच वेळा, मंग एक कुदी, अन् पुढं चालू. मामाचा हातबी तिथं पाच वेळा अडके. त्या वर्षीच्या साड्या कोणाच्या घरी असतील तं पाहा, एका फुलाले एक पाकळी जास्त आहे.

माही तवा नुकतीच बारावी झाली होती अन् घरी जोडून घेतलेला कम्प्युटर होता. मी म्हटलं, "मामा, मी सगळ्यायच्या कॉप्या काढून देतो. ओरिजनल पेटीत ठेवा, कॉपी झिजवा."

"चालते का तसं?"

"चालते म्हणजे? पळते."

दिवाळीच्या सुट्टीत बसून एकतीसच्या एकतीस काढल्या. सातवीची जखम कॉपीतबी जशीच्या तशी उतरली. ओरिजनल मामानं कोशाच्या चिंध्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. मागापाशी आता कॉप्या वाजाले लागल्या. ऐकून ऐकून मले साऱ्या पाठ झाल्या, त्यातले तबले, बासऱ्या, अन् सातवीचं अडकणंबी.

मंग एक दिवस मोहाडीचे एक वकीलसाहेब दुपट्टा घ्याले आले. जाड भिंगाचा चष्मा. बोलताना वाक्य संपलं की टेबलावर बोट आपटत, टेबल नसलं तं हवेत. त्यायनं मार्करनं नंबर टाकलेल्या सीड्या पाहल्या अन् म्हटलं, "ह्या डुप्लिकेट दिसतात."

मामाचं तोंड उतरलं. उठले, पेटी उघडली, ओरिजनल काढल्या, बिलं काढले, सारं वकिलासमोर मांडलं, जसा काही खटलाच सुरू आहे. वकीलसाहेब खूश झाले. म्हणे, "मग हरकत नाही. मूळ प्रत विकत घेतलेली आहे, आपल्या घरात, आपल्यापुरती एक जोडप्रत ठेवली तर कोणी विचारत नाही. मात्र ती दुसऱ्याला द्यायची नाही, विकायची नाही, मंडपात वाजवायची नाही. आणि मूळ प्रत ज्या दिवशी तुमच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाईल, त्या दिवशी जोडप्रतीवरचा तुमचा हक्क संपला. एक तर ती सोबत द्या, नाहीतर नष्ट करा."

"असं पुस्तकात लिहून आहे का, साहेब?" मामानं विचारलं.

"शब्दाला शब्द नाही. पण अर्थ तोच निघतो." अन् बोट हवेत.

ते गेले अन् मी सुरू झालो. चष्मा नाकावर नसतानाबी नाकावरून खाली पाहत म्हटलं, "मूळ प्रत ज्या दिवशी तुमच्या हातून..." ताई इतकी हसली, की तिच्या हातची कांडी सुटली. मंग महिनाभर माहा तोच धंदा. ताईनं वांग्याची भाजी वाढली की मी म्हणे, "मूळ भाजी ज्या दिवशी तुमच्या ताटातून माझ्या ताटात येईल, त्या दिवशी रश्श्यावरचा तुमचा हक्क संपला." मामाबी हसत. पण त्यायनं ते वाक्य नीट ठेवून देल्लं होतं, हे मले तवा समजलं नाही.

ताईचं लग्न ठरलं त्याच वर्षी मामा बोलणाऱ्याकडे डावा कान वळवाले लागले. स्पीकरचा आवाज वाढत गेला. मी त्यायले गाडीवर बसवून भंडाऱ्याले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मशीन लावलं, कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली. म्हणे, कानाची नस सुकत चालली आहे, दोन्ही बाजूची. वर्ष, फार तं दीड वर्ष. कानात मशीन बसवलं तं आवाज मोठा होईन, पण शब्द उलगडणार नाहीत.

येताना वरठीच्या फाट्यावर मामानं गाडी थांबवाले लावली. चहा सांगतला अन् पेलाच नाही.

"बाईले सांगाचं नाही," ते म्हणे. ताईले ते बाईच म्हणत. "लग्न थांबवून टाकीन ते."

"मंग कधी सांगाचं?"

"मी सांगीन माह्या तोंडानं. तू नाही. माही शपथ आहे तुले."

मी मान हालवली. माही मान फार लवकर हालते.

ताईले साकोलीले देल्लं, हायवेवर दुकान असलेलं घर. आंदणात भांडे, कपाट, शिलाई मशीन. सारं गाडीत चढलं अन् मामा आतून पत्र्याची पेटी घेऊन आले. एकतीस सीड्या, बिलासकट. म्हणे, "हे पोरगी याच्यावर वाढली. हे तिचंच आहे." ताई पेटीले मिठी मारून रडली. मी म्हटलं ठीक आहे, कॉप्या आहेतच घरी.

तिसऱ्या दिवशी गेलो तं मामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, मांडीवर कॉप्या. एका हातात खिळा. एक एक सीडी घेऊन चमकत्या बाजूवर खरखर रेघा मारून राहिले.

"मामा! हे काय करून राहिले?"

"ओरिजनल गेल्या ना. मंग याच्यावर आपला हक्क संपला."

"अहो, ते मजाक होता!"

"वकील मजाक करून राहिले होते का?"

"नाही. मी करून राहिलो होतो."

"मंग वकील खरंच बोलले ना?"

खरंच बोलले होते. मी म्हटलं, "कोण पाहाले येते, मामा, तुमच्या घरात?"

त्यायनं खिळा खाली ठेवला. "पाहण्याचं नाही बे. पोरीले एक वस्तू देल्ली अन् तिची सावली आपल्यापाशी ठेवून घेतली, तं ते देणं होते का? तो वकील मले पटला. आंदण देल्लं म्हणजे पुरं देल्लं."

"मंग कॉप्याबी आंदणात द्याच्या होत्या."

"पोरीले डुप्लिकेट देऊ?"

खरडलेल्या सीड्यायले मामानं सुतळी ओवली अन् आंगणातल्या पेरूच्या झाडाले बांधल्या, पोपट येऊ नये म्हणून. एकतीस गोल काचा वाऱ्यानं फिरत. सकाळचं ऊन पडलं की खोलीच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके धावत. अन् खोलीत आवाज फक्त मागाचा. खट, खट, खट. काठातले फुलं एक लांब, एक आखूड व्हाले लागले. साड्या घेणाऱ्या शेटनं दोन साड्या परत पाठवल्या.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर साऱ्या दुनियेचे गाणे भेटतात. मीबी तेच म्हटलं. माहा मोबाइल त्यायच्या कानाले लावला. अर्धे गाणे भेटले, अर्धे भेटलेच नाहीत. जे भेटलं त्याच्या मधात साबणाची जाहिरात. मामानं थोडा वेळ ऐकलं, मोबाइल परत देल्ला अन् सांगतलं, "माहे कान आता ऐकत नाहीत, ओळखतात. जे जसं ऐकलं होतं तसंच आलं, त्याच जागी, त्याच स्पीकरातून, तं आत शिरते. बाकीची नुसती गरगर." मंग जरा वेळानं म्हणे, "थोडेच दिवस आहेत, तवापर्यंत ऐकून घेतल्या असत्या एक डाव साऱ्या. पहिलीपासून एकतिसावीपर्यंत. बस."

इतकंच पाहिजे होतं त्यायले. मी गाडी काढली अन् मोहाडीले वकिलाच्या घरी गेलो. सारं सांगतलं. माह्याच आवाजात सांगतलं, कारण त्यायच्यासमोर त्यायचा आवाज काढाची हिंमत नव्हती. वकीलसाहेबानं चष्मा पुसला. म्हणे, "अरे, मग मुलीला सांगा मूळ सीड्या घेऊन यायला. वडिलांच्या घरी बसून ऐकल्या तर त्यात गुन्हा कसला?" बोट यावेळी आपटलं नाही त्यायनं.

मी उडत परत आलो. मामाच्या डाव्या कानापाशी ओरडून सांगतलं. मामानं शांत ऐकलं अन् मान हालवली, नाही म्हणून.

"आंदण देल्लेली वस्तू बापाच्या उंबऱ्यातून परत आत येत नाही."

"फक्त ऐकाले, मामा! परत नेईन ते!"

"मी तिच्या घरचं पाणी पेत नाही, अन् पेटी आणू?" अन् बोट माह्याकडे. "शपथ आठवते ना?"

म्हणजे पाहा. कायद्यात कॉपी बसत नव्हती अन् रितीत ओरिजनल बसत नव्हती. मधात एक माणूस, अन् त्याच्या कानातली रेघ रोज खाली.

वर्षभरात ताईले पोरगं झालं. नातवाच्या बारशाले आम्ही दोघं साकोलीले गेलो. गर्दी, बायायचे गाणे, भांड्यायचा आवाज. त्यात कोणाच्या लक्षात आलं नाही, मामा नुसती मान हालवून राहिले. पाणी पेले नाहीत, म्हणे निर्जळी उपास आहे. काचेच्या शोकेसात सीड्या ठेवल्या होत्या, एकपासून एकतीस, ओळीनं. मामा त्याच्यासमोर उभे राहून हसले. मी खोलीत चारही बाजूनं पाहलं. त्या घरात सीडी प्लेअरच नव्हता. दुकानवाले लोक, त्यायच्या घरी असनच, असं मामानं धरून चाललं होतं, अन् ताईले बापापाशी प्लेअर मागाची लाज वाटली असन. तिकडे सीड्या मुक्या, इकडे स्पीकर मुका. मी तेबी कोणाले सांगतलं नाही.

मंग मी ते केलं जे मले येते. दुपारी माय झोपली की मी मामाच्या खोलीत जाऊन मागाच्या डाव्या बाजूले उभा राहे अन् सुरू. पहिली सीडी, पहिलं गाणं. आधीची बासरी तोंडानं, तबला गालावर, मंग गाणारा, मंग कोरस. गाण्यागाण्याच्या मधात दोन सेकंद गप्प, सीडी असते तसं. माहं तोंड त्यायच्या कानापाशी, त्यायचे डोळे माह्या ओठावर. पहिल्या दिवशी मामा हसले. दुसऱ्या दिवशी त्यायनं मागाचा धोटा उचलला. आठ दिवसानं फुलं सारखे याले लागले. गळा बसे, तं मी मीठपाणी पेऊन जाऊ. अख्ख्या जिंदगीत मी कोणतंच काम इतकं नेमानं केलं नाही.

अन् याच दिवसात दुसरंबी सुरू झालं, जे मी मायलेबी सांगतलं नाही. मामापाशी बटणाचा साधा फोन. ताईचा फोन ये, तं त्यायले काही समजे ना. एक डाव त्यायनं फोन माह्या हातात देल्ला अन् इशाऱ्यानं सांगतलं, बोल. मी बोललो. मामाच्या आवाजात. "हो बाई. बरा आहे बाई. तू कशी आहे?" तिले ओळखूच आलं नाही. मामा माह्या तोंडाकडे पाहत बसले होते. फोन ठेवला की त्यायचा प्रश्न, "काय म्हणते बाई?" मी हातानं, तोंडानं, नकला करून सांगे. नातू पालथा पडतो, असं म्हणाचं असलं तं मीच जमिनीवर पालथा पडू. मामा हसत. मले वाटे, चांगलं काम करून राहिलो. पुढं पुढं मामा मागावर असले, फोन वाजला, तं मीच घेऊ अन् मंग त्यायले सांगू. कधी सांगणं राहूनबी जाये.

सातव्या सीडीच्या दिवशी ते झालं. दिवाळीले आठ दिवस होते. दुसऱ्या गाण्याच्या मधात, जिथं अडकते, तिथं मी तो शब्द पाच वेळा म्हटला, कुदी मारली, पुढं गेलो अन् मले ठसका लागला. गाणं बंद. मागं सरकून माठातलं पाणी पेलो. वळून पाहतो तं मामाचा धोटा चालूच. खाली मान घालून ते काठाकडे पाहत होते. मान गाण्यावर हालून राहिली, फूल वळणावर आलं, पाकळी बरोबर पडली. मी गप्प उभा राहलो. मुद्दाम. माग चालूच. गाणं जिथं संपते, बरोबर तिथं मामा थांबले, दोन सेकंद गप्प बसले, अन् माह्याकडे पाहून म्हणे, "आज बरं गायला तू."

अर्धं गाणं मी गायलोच नव्हतो.

मी त्यायच्या पाठीमागं गेलो अन् हाक मारली. मोठ्यानं मारली. मंग टाळी वाजवली. त्यायनं धोट्यातली कांडी बदलली अन् पुढचं गाणं लाव म्हणून हात हालवला.

त्याच्यानंतर चार दिवसानं ताई आली, न सांगता, कडेवर पोरगं घेऊन. मामा दाराकडे पाठ करून मागावर. मी बाजूले बसलो होतो.

"बाबा!" तिनं दारातून हाक मारली. "बाबा... अहो बाबा!"

खट, खट, खट.

ती आत आली अन् त्यायच्या खांद्यावर हात ठेवला. मामा दचकले, मंग सारं तोंड फुललं. "अरे, बाई!" इतक्या मोठ्यानं म्हणे, की पोरगं रडाले लागलं.

ताईनं पोराचा ओठ वर केला. "पाहा, काल सांगतला तो दात."

मामानं वाकून पाहलं. "दात आला? कधी आला? कोणी सांगतलंच नाही मले!"

"काल अर्धा घंटा तं बोललो आपण त्याच्यावर," ताई म्हणे. मामा तिच्या तोंडाकडे पाहून नुसते हसत राहले. ताईनं पुन्हा म्हटलं. पुन्हा ते हसले. मंग ताईनं हळूहळू मान वळवली अन् माह्याकडे पाहलं.

मी सारं सांगून टाकलं, दवाखाना, फोन, अन् एक डाव साऱ्या सीड्या ऐकाची मामाची इच्छाबी. तिनं बाहेर जाऊन नवऱ्याले फोन लावला, की शोकेसातल्या सीड्या घेऊन या, आत्ताच्या आत्ता. चार वाजता जावई पेटी घेऊन दारात उभे. मामानं पेटी पाहली अन् उंबऱ्यात आडवे झाले. "आंदण आहे ते! आत नाही आणाचं!" ताई ओरडली, "आंदण माहं आहे, मी कुठंबी घेऊन बसीन!" त्यायले ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड पाहून ते बाजूले झाले.

ताईनं प्लेअर पुसला, सातवी सीडी काढली, लावली, आवाज पुरा वाढवला. भिंती हालाले लागल्या, शेजारचे दारात जमले. मामा बसून आमच्या तोंडाकडे पाहत होते, कोणी काही सांगते का म्हणून. ताईनं त्यायचा हात धरला अन् तळवा स्पीकरच्या जाळीवर टेकवला. पहिलं गाणं तसंच गेलं. दुसऱ्या गाण्याच्या मधात सीडी अडकली. एकच शब्द, एक, दोन, तीन, चार, पाच. अन् कुदी.

"अडकली," मामा म्हणे. हात जाळीवरच. "अडकली ना, बाई?"

ताईनं बटण बंद केलं अन् वळली माह्यावर.

"जगाचे आवाज काढतं तू. कंडक्टरचा काढतं, वकिलाचा काढतं, मिक्सरचा काढतं. एक डाव, फक्त एक डाव तुह्या स्वतःच्या आवाजात फोन नाही करता आला मले? 'ताई, बाबाले ऐकू येऊन नाही राहिलं, ये.' बस, इतकंच म्हणाचं होतं. पायदळ आली असती मी साकोलीहून!"

"त्यायनं शपथ घातली होती," मी म्हटलं.

"मोठा आला शपथवाला! अन् फोनवर माहा बाप बनून बोलाचीबी शपथ होती का? मी कोणाशी बोलत होती रे इतके महिने? कोणता फोन बाबाचा अन् कोणता तुहा, सांग ना आता. श्रावणात मी रडली होती. म्हटलं होतं, बाबा, मले इथं करमत नाही. तवा 'उगी राहा बाई' म्हणून कोणी म्हटलं?"

मी खाली पाहलं. "मी."

पोरगं तिच्या पदराशी झोंबत होतं.

"कॉपी दुसऱ्याले द्याची नाही, हे तं वकिलाच्या तोंडानं महिनाभर ऐकवलं आम्हाले. अन् माह्या बापाची कॉपी मले देत राहिला. मीबी मूर्ख, घेत राहिली."

मामा तिकडून मोठ्यानं म्हणे, "काय म्हणते बाई?"

रोजच्या सवयीनं माहे दोन्ही हात वर गेले, तोंड वाकडं झालं, तिची नक्कल कराले. ताईनं माहं मनगट धरलं, इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"खबरदार! हात खाली कर. नकला नाही कराच्या. त्यायच्या समोर बस, तोंड नीट दिसन असं. अन् तुह्या तोंडानं सांग, हळूहळू, एक एक शब्द. इतक्या महिन्यात मी काय काय म्हटलं, सारं सांग त्यायले. रडलेलंबी सांग. बस खाली, दातापासून सुरू कर."